पोथीत नसलेली ओळ

पहिल्यांदा जमीन घुमली तेव्हा मी फळ्यावर सुविचार लिहून नुकतीच स्टुलावरून खाली उतरले होते. खडू हातातच होता. परिपाठाची घंटा व्हायला पाचेक मिनिटं बाकी होती. आधी वाटलं, रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर चाललाय. पण आवाज रस्त्याकडून येत नव्हता. तो खालून येत होता, आणि कानाला कळायच्या आधी तळपायाला कळला होता. खिडकीची तावदानं थरथरली, खिचडीच्या खोलीत ताटल्यांची चळत खळकन सरकली, आणि मग एकदम सगळं गप्प झालं. चिमण्यासुद्धा.

"मॅडम, आभाळ गडगडलं," चौथीतली एक मुलगी म्हणाली.

आभाळात ढगाचा तुकडा नव्हता.

आमचं गाव निलंग्याच्याही पुढे, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेलं. शाळा दोन शिक्षकी, एक मुख्याध्यापक सर आणि एक मी. माझं माहेर कंधारचं. लग्न होऊन इकडे आले, पुढे नोकरीही इकडेच लागली. मालक लातूरजवळच्या मुरुडला ट्रॅक्टर दुरुस्तीच्या कामावर, शनिवारी संध्याकाळी यायचे आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं जायचे. घरात मी, माझी चार वर्षांची मुलगी आणि सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणते, मालक अव्वा म्हणतात.

सुविचाराचं वेड मला लहानपणापासून. कंधारच्या शाळेत माझं अक्षर चांगलं म्हणून फळा माझ्याकडे आला, तो पुढे कधी सुटलाच नाही. पेपरातून, कॅलेंडरच्या मागून, दवाखान्याच्या भिंतीवरून, किराणाच्या पिशवीवरून, जिथं चांगलं काही लिहिलेलं दिसलं तिथून मी उतरवून घ्यायची. अशा तीन वह्या भरल्या होत्या. डी.एड.च्या पहिल्या यादीत नाव लागलं नाही तेव्हा एका ओळीवर मी आठ दिवस काढले. वडिलांचं अर्धं अंग गेलं तेव्हा दवाखान्याच्या बाकड्यावर बसून दुसरी एक ओळ मनात घोळवत राहिले. हसण्यासारखं आहे, पण मला त्या ओळींनी खरोखर सावरलं होतं. म्हणून शाळेतला फळा मी मनापासून लिहायची. मुलांना त्यातलं काही कळो न कळो, रोज सकाळी एक चांगलं वाक्य डोळ्यांखालून जावं, एवढाच हेतू.

त्या दिवशी संध्याकाळी घरी आले तर अंगणात दोन खाटा टाकलेल्या. गॅसची टाकी बाहेर आणून भिंतीपासून लांब ठेवलेली. पाण्याची घागर, मुलीचे कपडे, आणि प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेली पोथ्यांची पेटी. आत्याबाई एका खाटेवर बसून मुलीची वेणी घालत होत्या.

"आत झोपायचं न्हाई आता," त्या म्हणाल्या. वर पाहिलं नाही. "सैपाक झाला की बाहेर यायचं. अंघोळीला गेलं की कडी लावायची न्हाई."

"आत्याबाई, एकदाच तर आवाज झाला."

"हाव. एकदाच झालाय."

आत्याबाई भूकंपातल्या होत्या. मोठ्या भूकंपात त्यांचं पहिलं घर गेलं, आणि सहा वर्षांची पहिली मुलगी गेली. त्या स्वतः दुसऱ्या दिवशी दुपारी ढिगाऱ्यातून बाहेर निघाल्या. माझे मालक त्यानंतर दोन वर्षांनी जन्मले. लग्नानंतर एकदा एसटीत बसलो असताना मालकांनीच हे मला भराभरा सांगून टाकलं होतं, आणि वर म्हणाले होते, "अव्वाला कधी विचारू नको." मी कधी विचारलं नाही.

आम्ही लिंगायत. आत्याबाई सकाळी अंघोळ करून विभूती लावायच्या, गळ्यातल्या लिंगाची पूजा करायच्या आणि मग पोथी घेऊन बसायच्या. वाचायला त्या फार उशिरा शिकल्या. भूकंपानंतर गाव नव्या जागी वसलं, तिथं बायांसाठी साक्षरतेचा वर्ग निघाला. त्या वर्गात पहिल्या दिवशी आलेली आणि शेवटच्या दिवसापर्यंत टिकलेली एकटी बाई म्हणजे आत्याबाई, असं सगळे सांगायचे. ओळीखाली बोट धरून वाचायच्या. पण त्यांचं वाचणं मला जरा वेगळं वाटायचं. भक्तीनं वाचणारं माणूस मधे थांबतं, डोळे मिटतं, हात जोडतं. या थांबायच्या नाहीत. तांदूळ निवडताना बाई जशी ताटात बघते तशा बघायच्या. एक पोथी संपली की दुसरी. आमच्या मठातल्या संपल्या तेव्हा दुसऱ्या गावच्या मठातून मागवल्या. त्याही संपल्यावर आपल्या पंथाच्या नसलेल्या पोथ्याही आणून वाचल्या. मी त्याला श्रद्धा समजत होते.

दुसऱ्यांदा घुमलं ते चौथ्या दिवशी. मग एक दिवसाआड. मग एका दिवसात तीनदा.

अधिकारी आले. कुणी यंत्र आणलं, कुणी वही. चावडीसमोर उभं राहून एकानं सांगितलं की घाबरायचं कारण नाही, पण काळजी घ्या. गाडी गेल्यावर गावानं त्या वाक्याचे दोन तुकडे केले. निम्मे लोक म्हणायचे, घाबरायचं कारण नाही असं साहेब म्हणाले. निम्मे म्हणायचे, काळजी घ्या म्हणाले, म्हणजे काहीतरी हाय. मारुतीच्या देवळाजवळच्या विहिरीचं पाणी दोन दिवस गढूळ आलं. पावसानं आलं असेल, पण पाऊस तर त्याआधी आठ दिवस उघडला होता. मोबाइलवर कुणाचा तरी आवाज फिरायला लागला की अमावस्येला मोठा धक्का बसणार. अमावस्या आली आणि गेली. मग तोच आवाज पौर्णिमेचं सांगायला लागला.

ज्यांचे पाहुणे लातूरला होते ते लातूरला गेले. बाकीच्यांनी घराबाहेर पत्रे टाकले, ताडपत्र्या बांधल्या. गावात मोठ्यानं कुणी बोलेना. दार जोरात लागलं तरी लोक उठून उभे राहायचे. एकदा जेवताना माझ्या मुलीच्या हातून तांब्या पडला आणि गल्लीतली सगळी माणसं ताट सोडून रस्त्यावर आली. नंतर कुणी हसलं नाही. परत जाऊन जेवायला बसले.

सर आणि मी वर्ग बाहेर काढले. पटांगणात ताडपत्री बांधून मुलं खाली बसवली. बावन्न मुलांतली तीसच उरली होती. फळा मात्र भिंतीवरच होता, आणि त्यावर मी रोज लिहीत होते. प्रयत्नांबद्दल लिहिलं. जिद्दीबद्दल लिहिलं. उंच शिखरांबद्दल लिहिलं.

एका सकाळी चौथीतली तीच मुलगी माझ्याजवळ येऊन उभी राहिली. फळ्याकडे बघत म्हणाली, "मॅडम, हे कधी कामाला येतंय?"

"म्हणजे?"

"म्हंजी, आपन आत दबलो, तर तवा हे म्हनायचं का?"

तिनं खोडीनं विचारलं नव्हतं. पाढा कुठून म्हणायचा असं विचारावं तसं सरळ विचारलं होतं. मी तिला काहीतरी सांगून जागेवर बसवलं. काय सांगितलं ते आता आठवत नाही, म्हणजे त्यात काही दम नसणार.

त्या संध्याकाळी मी तिन्ही वह्या काढून अंगणात बसले. पहिल्या पानापासून वाचत गेले. सगळ्या ओळी ज्याला काहीतरी करायचं आहे अशा माणसासाठी होत्या. परीक्षा द्यायची आहे, डोंगर चढायचा आहे, शत्रूला हरवायचं आहे. आम्हाला करायला काहीच नव्हतं. येईल की नाही हे माहीत नसलेल्या गोष्टीची वाट बघायची होती, आणि तोवर भाकरी करायची, दळण आणायचं, मुलाचं नाक पुसायचं होतं. यासाठी माझ्याकडे एकही ओळ नव्हती. वीस वर्षं जमवलेल्या त्या वह्या पहिल्यांदाच मला पोकळ वाटल्या, आणि खरं सांगते, जमिनीच्या आवाजापेक्षा मला त्याचीच जास्त भीती वाटली.

आत्याबाई पलीकडे पोथी वाचत होत्या. मी म्हटलं, "आत्याबाई, तुमच्या पोथीतलं एखादं द्या ना मला, उद्या फळ्यावर लिहायला."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "लेकरासाठी?"

"हो."

"लेकराला कळंल असं ह्याच्यात न्हाई. हे मोठ्या मानसाचं हाय." त्यांनी दोन पानं मागं उलटली, परत पुढे आल्या. मग म्हणाल्या, "शब्द ऱ्हाऊ दे. त्याच्यातलं काय घ्यायचं ते सांगते. तू आपल्या बोलीत लिही."

त्या दिवसापासून सकाळी चहाच्या वेळी आमचा हा एक उद्योग सुरू झाला. त्या आदल्या दिवशीच्या वाचनातलं काहीतरी सांगायच्या. त्यात शरीर म्हणजे देऊळ, असं काही असायचं. मी ते मुलांच्या मापाचं करून बघायची. त्या ऐकून मान हलवायच्या किंवा म्हणायच्या, "न्हाई, हे लई गोड झालं. गोड बोललं की लेकरू जास्तीच भेतंय." सारखी खोडाखोड चालायची. पहिल्या दिवशी मी लिहिलं, 'आज फक्त आजचंच दप्तर आणायचं.' दुसऱ्या दिवशी, 'भीती वाटली तर शेजारच्याला सांगा, त्यालाही वाटत असते.' एकदा लिहिलं, 'देव आणि पाणी दोन्ही दाराशी भरून ठेवा.' हे आत्याबाईंचं स्वतःचं होतं. पाण्याच्या घागरीकडे बघून त्यांना सुचलं होतं.

मुलं वाचायची. मग मुलांना सोडायला आलेल्या बाया वाचायला लागल्या. ज्यांना वाचता येत नव्हतं त्या विचारायच्या, "मॅडम, आज काय लिवलंय?" चहाच्या टपरीवाल्यानं आपल्या भावपत्रकाच्या पाटीखाली आमचीच ओळ उतरवून घ्यायला सुरुवात केली. एकदा मला तापानं सुट्टी घ्यावी लागली आणि फळा कोरा राहिला, तर दुपारपर्यंत चार माणसं घरी येऊन विचारून गेली की काही झालं तर नाही ना. धीर देणं म्हणजे काय ते मला त्या दिवसांत जरा कळायला लागलं होतं. निदान मला तसं वाटत होतं.

आमच्या शेजारी एक काकू राहायच्या. पन्नाशीच्या, अंगानं भरलेल्या, बोलायला फटकळ. नवरा नव्हता, मुलं पुण्याला कामाला. दोन म्हशी हाच त्यांचा संसार. घर सिमेंटचं, पुनर्वसनात मिळालेलं. पण मागचा गोठा त्यांच्या सासऱ्यानं नंतर बांधलेला, दगड-मातीचा. त्या भूकंपात माणसं मारली ती अशाच भिंतींनी, हे गावात सगळ्यांना माहीत होतं, आणि तरी असे गोठे गावात दहा-बारा होते. आत्याबाई त्यांना रोज सांगायच्या, "म्हशी बाहेर बांध." काकू म्हणायच्या, "म्हशीला ऊन लागतंय. मी काय आत झोपून राहिले का? धार काढते अन् बाहेर येते."

तो शुक्रवार होता. शाळा सुटून मी नुकतीच घरी आले होते. उन्हं अजून कडक होती. एकदा खालून आवाज आला, नेहमीसारखाच, जातं फिरल्यासारखा. अंगवळणी पडल्याप्रमाणे मी मुलीला उचलून अंगणाच्या मध्यावर उभी राहिले. आवाज थांबला. मी मुलीला खाली ठेवलं. आणि मग शेजारून दुसरा आवाज आला, कोरडा, गोणी ओतल्यासारखा. त्यापाठोपाठ धूळ आली. एक म्हैस दावं तोडून रस्त्यावर पळाली. दुसरी आली नाही.

आत्याबाई माझ्या आधी पोचल्या होत्या. गोठ्याची मागची भिंत आत कोसळली होती आणि तिच्यावर आढं पडून पत्रे खाली आले होते. धुळीत काही दिसत नव्हतं. काकूंचा आवाज नव्हता.

माणसं जमली. कुणी म्हणालं जेसीबी बोलवा. आत्याबाई ओरडल्या, "मशीन न्हाई! मशीननं दगड खाली बसतेत. हातानं काढा. वरचा दगड आधी. कुनी पत्र्यावर उभं राहू नका." आठ वर्षांत मी त्यांना इतक्या मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं. त्या दगडांच्या ढिगाला फेरी मारत होत्या, वाकून वाकून फटीला कान लावत होत्या. एका ठिकाणी थांबल्या. मग पदर कमरेला खोचला आणि सरळ पालथ्या पडल्या, गाल मातीला लावून. तिथं दोन दगडांमध्ये हात जाईल एवढी फट होती.

"हाय," त्या म्हणाल्या. "जित्ती हाय."

मग त्यांनी फटीला तोंड लावलं आणि बोलायला लागल्या. मी जवळ होते म्हणून मला ऐकू आलं.

"दम धर. मी येऊन राहिले. दम धर, मी येऊन राहिले."

एवढंच. परत परत. घाई नाही, रडणं नाही. पाळण्याची दोरी ओढताना लागते तशी एक लय त्या बोलण्याला होती. आतून आधी काहीच येईना. बऱ्याच वेळानं कण्हल्यासारखं काहीतरी आलं. आत्याबाईंनी बोलणं थांबवलं नाही, बदललं नाही. माणसं साखळी करून दगड मागं देत होती. मुलीला एका शेजारणीजवळ देऊन मीही त्या साखळीत उभी होते.

तासभर झाला असेल. निम्मा ढीग निघाला होता. आणि खालून परत घुमलं.

या वेळचं मोठं होतं. पायाखालची माती सरकल्यासारखी वाटली. पत्रे खडखडले, उरलेल्या भिंतीतून बारीक माती गळायला लागली. सगळे पळाले. हातातले दगड टाकून, एकमेकांना ढकलत, रस्त्यावर. मीही पळाले. हे मी कुणाला सांगत नाही, पण इथं लिहिते. मला मुलगी आठवली नाही, काकू आठवल्या नाहीत, काही आठवलं नाही. पाय आपोआप पळाले. रस्त्यावर पोचून मागं वळले तेव्हा दिसलं, आत्याबाई होत्या तिथंच आहेत. एक हात कोपरापर्यंत फटीत घातलेला. ओठ हलत होते. आवाज थांबल्यावर त्या शांततेत सगळ्या गल्लीला ऐकू आलं, "दम धर, मी येऊन राहिले."

आम्ही परत गेलो. कुणी कुणाकडे पाहिलं नाही. मी त्यांच्या पायाशी बसून दगड काढायला लागले. दगड हातातून निसटत होते. त्यांनी मान न वळवता पायानं मला हलकेच स्पर्श केला, आहेस ना, असं विचारल्यासारखा. मी म्हटलं, "आहे, आत्याबाई."

सूर्य मावळायच्या आत काकू बाहेर निघाल्या. म्हैस त्यांच्या अंगावर आडवी झाली होती. मेली, पण तिच्या पोटाच्या आडोशाला काकूंचं डोकं आणि छाती वाचली होती. उजवी मांडी मोडली होती. रुग्णवाहिकेत घालताना त्यांनी डोळे उघडले आणि म्हशीचं विचारलं. आत्याबाई म्हणाल्या, "एक हाय. धार मी काढते."

गाडी लातूरला गेली. मग तलाठी आले, पंचनामा झाला. भिंत आवाजानं पडली की महिनाभर मुरलेल्या पाण्यानं, हे त्यांना ठरवता आलं नाही. अजूनही ठरलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी शनिवार, सकाळची शाळा. मी चहा ठेवला. आत्याबाईंच्या गालावर खरचटलेलं होतं, हाताला हळद लावून चिंधी बांधली होती. मी म्हटलं, "आत्याबाई, आज मला कळलंय फळ्यावर काय लिहायचं ते. तुम्ही काल जे म्हणत होता तेच. कुठल्या पोथीतलं आहे?"

त्यांनी कपबशी खाली ठेवली.

"कोन्त्याच न्हाई," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. मी विचारलं नव्हतं. त्यांनी आपण होऊन सांगितलं, मुलीच्या केसातली जट सोडवावी तसं हळूहळू.

त्यांच्या वडलांच्या गावी मठात श्रावणात पोथी लागायची. दोन माणसं बसायची. वाचक ओवी वाचायचा आणि सूचक तिचा अर्थ सांगायचा. त्यांचे अप्पा सूचक होते. आत्याबाई लहान असताना त्यांच्या मांडीला टेकून ऐकायच्या. त्यातल्या एका जागी देव भक्ताला सांगतो, दम धर, मी येऊन राहिलो. भूकंपात दगडाखाली पडल्या तेव्हा त्यांना तेवढंच आठवलं. पुढचं काही आठवेना. त्या तेवढंच म्हणत राहिल्या. शेजारी पोरगी होती. तिलाही तेच म्हणत राहिल्या. काही वेळ ती हुंकार देत होती.

त्यांनी हातावरची चिंधी सोडून परत बांधली. मी चहाकडे बघत राहिले.

"बाहेर निघाल्यावर वाटलं, पुढची ओळ बघावं," त्या म्हणाल्या. "देव असं म्हनला, तर पुढं काय झालं. आला का न्हाई. अप्पा तवर गेले होते. कुनाला विचारावं? म्हनून वाचायला शिकले. लई पोथ्या बघितल्या. कुठंच न्हाई. मग मठातले एक म्हातारे जंगम भेटले, अप्पाच्या वळखीचे. त्यास्नी विचारलं, तर ते हसले. म्हनले, अगं, तुझ्या बापाला अक्षर कुठं येत होतं. वाचक वाचायचा एक अन् तुझा बाप सांगायचा भलतंच. लोकास्नी तेच गोड लागायचं. ते त्याचं सोताचं होतं."

"केव्हा कळलं हे तुम्हाला?"

"तुमचं लग्न झालं त्याच्या आदल्या साली."

म्हणजे आठ-नऊ वर्षं झाली होती. मी म्हटलं, "मग तरी रोज पोथी वाचता?"

"ते धुंडता धुंडता बाकीचं सापडत गेलं की," त्या म्हणाल्या. "आता सवय झाली. बरं वाटतंय."

मी म्हटलं, "मग हे लिहूच द्या मला. मुलांना हेच पाहिजे. ती मुलगी हेच विचारत होती."

"न्हाई." त्यांचा आवाज एकदम कडक झाला. "ते लिवायचं न्हाई. भिंतीवर लिवून ठिवलं तर भिंत म्हनत्या का, मी येऊन राहिले? ती पडत्या अंगावर. जो खरंच येनार हाय त्यानंच म्हनायचं. मी पोरीला म्हनले, अन् माझा हात तिच्यापतुर गेला न्हाई." त्या उठल्या. "काल गेला. म्हनून म्हनले."

त्या म्हशीची धार काढायला गेल्या. मी शाळेत गेले. फळ्यावर त्या दिवशी काकूंची तब्येत ठीक असल्याचं लिहिलं, आणि सोमवारी अंघोळ करून नखं कापून यायचं, हे लिहिलं. त्या मुलीला मात्र परिपाठानंतर बाजूला घेतलं. तिला सांगितलं की काही झालं तर मी कुठं उभी असेन, तिनं कुठं यायचं, आणि ती आली नाही तर मी तिला शोधायला येईन. आदल्याच दिवशी मी पळाले होते, तरी हे बोलले. तिनं मान डोलावली आणि जागेवर जाऊन बसली. आपल्याला हे खरंच करता येईल का, याचा विचार मी अजून करते.

काकू अडीच महिन्यांनी परत आल्या, काठी घेऊन. त्यांना घरात ठेवायचं की बाहेर, यावरून गावात चर्चा झाली. आत्याबाईंनी त्यांची खाट आपल्या खाटेजवळ अंगणात लावून घेतली. मांडीच्या हाडाला स्टीलची पट्टी बसवलेली असल्यानं खालून आवाज आला की काकूंना तो आधी हाडात कळायचा. "आला बघ," असं त्या म्हणायच्या आणि पाच-सहा क्षणांनी आम्हाला ऐकू यायचं. त्यांना ते गमतीचं वाटायचं. मला त्या पाच-सहा क्षणांची धास्ती बसली होती.

उन्हाळ्यात माझ्या बदलीचा आदेश आला. आंतरजिल्हा बदलीचा अर्ज मी चार वर्षांपूर्वी केला होता, माहेरच्या जिल्ह्यात जावं म्हणून, तेव्हा जमीन मुकी होती. नायगावजवळची शाळा मिळाली. मालक म्हणाले, "पोरीला घेऊन निघून जा, मी तिकडं काम बघतो. अव्वालाही घेऊ." तिसऱ्या दिवशी आत्याबाईंनी माझी ट्रंक भरून दिली, मुलीच्या कपड्यांत कडुनिंबाचा पाला घातला आणि म्हणाल्या, "काकूला पळता येत न्हाई. मी इथंच बरी हाय."

मालक चिडले, रडलेही. मी समजावून बघितलं. आमच्यामागं काय उरेल, तर दोन म्हाताऱ्या बाया अंगणात, एक काठीवाली आणि एक पोथीवाली. पण त्या हलल्या नाहीत. निघताना त्यांनी मला, दम धर किंवा असलं काही म्हटलं नाही. "पोरीला दूध वेळेवर दे," एवढंच म्हणाल्या.

नायगावच्या शाळेतही दर्शनी भिंतीवर फळा आहे आणि तो माझ्याकडेच आला. रोज लिहिते. वह्या माहेरी कंधारला ठेवून दिल्या आहेत. आता मुलांशी बोलून, त्यांच्या घरचं ऐकून लिहिते. एखाद्या दिवशी सुचत नाही, तर तारीख आणि वार लिहून सोडून देते. रविवारी सकाळी आत्याबाईंना फोन करते. त्या आठवडाभरातल्या पोथीचं सांगतात, मी ते मुलांच्या मापाचं करून ऐकवते. त्या अजूनही म्हणतात, "लई गोड झालं."

गेल्या रविवारी फोन बराच वेळ वाजत राहिला. मी तीनदा लावला. चौथ्यांदा त्यांनी उचलला. म्हशीला पाणी दाखवायला गेल्या होत्या. आवाज बरा वाटला.

"काल दोनदा घुमलं," त्या म्हणाल्या. "दुसऱ्यांदा लई जवळ होतं. काकूला बी आधी कळलं न्हाई."

मी काही म्हणायच्या आत त्यांनी विचारलं, "भाजी काय केली आज?"

"शेपू," मी म्हटलं.

"पोरगी खाती का?"

"नाही खात."

"मुगाची डाळ टाकून कर. मग खाती," त्या म्हणाल्या, आणि फोन तसाच चालू ठेवून काकूंना काहीतरी हाक मारून सांगायला लागल्या.